शाळा सुटल्यानंतरचे अडीच तास: वस्तीतल्या केंद्रावर नव्याने रुजू होणाऱ्या ताई-दादांसाठी

केंद्रावर काम करायचं म्हणजे मुलांचा अभ्यास घ्यायचा, अशी समजूत घेऊन बहुतेक जण येतात. कुणी डी.एड. केलेलं असतं, कुणी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतं, कुणी त्याच वस्तीतली बारावी झालेली सून असते. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच एक गोष्ट कळते. सातवीचं गणित आपल्याला येतं, पण पंचवीस मुलं एका खोलीत अडीच तास रमवता येत नाहीत. ती गोष्ट शिकावी लागते, आणि शिकता येते. पुणे-मुंबईसारख्या शहरांतल्या वस्त्यांमध्ये सामाजिक संस्था मुलांसाठी संध्याकाळी चालवतात ती केंद्रं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. तालुक्याच्या गावी किंवा बांधकामाच्या साइटवर काम करणाऱ्यांनी तपशील आपल्या जागेप्रमाणे बदलून घ्यावेत.

एक गोष्ट आधीच सांगते. मूल तुमच्याकडे येतं तेव्हा त्याने शाळेत पाच-सहा तास बसून काढलेले असतात. त्याला पुन्हा शाळा नको असते. तुम्ही शाळेची नक्कल केलीत, तर मुलं आठवडाभर येतील आणि मग गल्लीत क्रिकेट खेळताना दिसतील. चूक मुलांची नसेल.

रुजू होण्याआधी विचारून घ्या

संस्थेच्या ताईंनी 'ये उद्यापासून' म्हटलं की लगेच जायचं नाही. चार गोष्टी कागदावर घ्या: वेळ, मानधन, सुट्ट्या आणि खोलीची किल्ली कुणाकडे राहणार. मानधन बहुतेक ठिकाणी फार नसतं. त्यात जाण्यायेण्याचा खर्च धरलाय का, आजारी पडलात तर केंद्र कोण उघडणार, मुलांसाठी खाऊचे पैसे कोण देणार, हे विचारायला लाजू नका. संकोचामुळे पहिल्याच महिन्यात खिशातून खडू आणि बिस्किटं आणणाऱ्या मुली मी पाहिल्यात. सहाव्या महिन्यात त्या काम सोडतात.

संस्था तुमच्याकडे पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागेल. मागितलं नाही, तर तुम्हीच विचारा. त्यासाठी अर्ज ऑनलाइन करता येतो. मुलांबरोबर काम करणाऱ्याची पडताळणी व्हायलाच हवी, त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. संस्थेचं बालसुरक्षा धोरण लेखी आहे का, तक्रार कुणाकडे करायची, त्या व्यक्तीचा फोन नंबर काय, हेही त्याच दिवशी वहीत लिहून घ्या. 'आपल्याकडे असं काही होत नाही' असं उत्तर मिळालं, तर सावध व्हा.

पहिला आठवडा फक्त बघा

जुन्या ताईबरोबर बसायला मिळालं तर उत्तम. नसेल तर रोज केंद्र उघडण्याआधी अर्धा तास वस्तीत फिरा. पाणी किती वाजता येतं, अंगणवाडी कुठे आहे, दारूचा गुत्ता कोणत्या कोपऱ्यावर आहे, मुलांना रस्ता कुठे ओलांडावा लागतो, भटकी कुत्री कुठे बसतात, हे सगळं कामाचं आहे. पाण्याच्या वेळी मोठ्या मुली केंद्रावर येणार नाहीत. दहीहंडीच्या सरावाच्या दिवसांत मोठे मुलगे गायब होतील. दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुलं उन्हाळ्यापर्यंत दिसणार नाहीत. हजेरी कमी का, असं वरिष्ठांनी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर हवं, आणि ते वस्तीत फिरल्याशिवाय मिळत नाही.

मुलं कोणत्या शाळेत, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या वेळेला जातात याचा तक्ता करा. एकाच खोलीत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी माध्यमाची मुलं येतात, वर सेमीची वेगळी. मराठी माध्यमातली पोरगी 'लसावि' म्हणते, तिच्या शेजारचा सेमीतला पोरगा 'एलसीएम' म्हणतो, गणित तेच असतं. दोन्ही शब्द तुम्हाला यायला हवेत. वेळांचंही तसंच. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा शासन निर्णय २०२४ मध्ये निघाला. त्यामुळे धाकटी भावंडं आणि मोठी भावंडं वेगवेगळ्या वेळी मोकळी होतात, आणि धाकट्याला आणायला जाणारी मोठी बहीण केंद्रावर उशिरा पोहोचते. तिला उशिराबद्दल बोलू नका.

नावं पाठ करा. आठवड्यात सगळी नावं आली पाहिजेत, टोपणनावांसकट. 'ए, निळा शर्ट' अशी हाक मारणाऱ्या दादाचं मुलं ऐकत नाहीत, आणि बरोबरच करतात.

अडीच तासांची घडी

साडेपाच ते आठ अशी वेळ धरू. नवखी ताई ही वेळ विषयांत वाटते: अर्धा तास मराठी, अर्धा तास गणित. तसं करू नका. मुलाच्या अंगातला जोर कसा चढतो-उतरतो ते बघून वेळ वाटा.

आल्या आल्या पहिली पंधरा मिनिटं दारात तुम्ही उभं राहायचं. खुर्चीत बसून हजेरी घ्यायची नाही. प्रत्येक मुलाकडे बघायचं, नावाने हाक मारायची, एक वाक्य बोलायचं. हा शिष्टाचार वाटेल, पण तुमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे. रोज दारात उभी राहणारी ताईच ओळखते की आज साहिल गप्प आहे, मुस्कानच्या हातावर वळ आहे, गणेशच्या डोळ्यांत झोप आहे. पुढे सुरक्षिततेबद्दल जे सांगणार आहे, त्याची सुरुवात या दारातच होते.

मग खाऊ. शाळेतला पोषण आहार दुपारी झालेला असतो, सकाळच्या शाळेतल्या मुलांनी तर त्याहून आधी खाल्लेलं असतं. भुकेलं मूल पहिल्या अर्ध्या तासात भांडतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. चुरमुरे-फुटाणे, केळं, राजगिऱ्याचा लाडू, उकडलेले हरभरे, यातलं काहीही चालतं. शेंगदाण्याची चिक्की देण्याआधी कुणाला दाण्यांचा त्रास होतो का, ते घरी विचारून ठेवा. पाच रुपयांची पाकिटं केंद्रावर चालणार नाहीत, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर लावायला गेलात तर लढाई होते.

खाऊनंतर खेळ, अभ्यासाच्या आधी. हे बऱ्याच पालकांना आणि काही संस्थांनाही पटत नाही, पण दिवसभर बाकावर बसलेल्या मुलाला आधी पळू द्या. खो-खो, लंगडी, लगोरी, विषामृत यांना साहित्य जवळजवळ लागतच नाही. जागा नसेल तर बसून खेळायचे खेळ ठेवा: सागरगोटे, काचापाणी, 'आईचं पत्र हरवलं'. नियम मुलांनाच सांगायला लावा, कारण प्रत्येक गल्लीत नियम थोडे वेगळे असतात आणि त्या वादावादीत मुलं बरंच बोलायला शिकतात. तुम्ही स्वतः खेळा. कडेला उभं राहून शिट्टी वाजवणारा दादा मुलांना लांबचा वाटतो.

खेळ संपवून अभ्यासाला बसवायची पाच मिनिटं सगळ्यात अवघड. गोंधळ, ढकलाढकली, रडारड सगळी तेव्हाच होते. ओरडून काही होत नाही. एक ठरावीक खूण ठेवा, म्हणजे टाळ्यांचा ताल किंवा एखादं गाणं. गाणं संपेपर्यंत सगळ्यांनी आपापल्या चटईवर बसायचं. दोन आठवडे रोज तेच केलंत की मुलं आपोआप बसू लागतात. तिसऱ्या दिवशी कंटाळून खूण बदललीत तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मग साधारण तासभर अभ्यास, त्यातही मध्ये एकदा उठून हातपाय हलवायचे. शेवटी वीस मिनिटं गोष्ट, चित्र किंवा गप्पा. निरोपाच्या आधी खोली मुलांनी झाडायची, मुलगे आणि मुली दोघांनी. झाडू नेहमी मुलींच्याच हातात जातो का, ते बघा.

वाचन कुठे अडलंय ते आधी शोधा

पाचवीतला मुलगा पाचवीचं पुस्तक वाचू शकेल, असं गृहीत धरू नका. त्याला धडा पाठ असतो, वाचता येत नसतो. म्हणून इयत्तेऐवजी पातळी बघा. मुलांना वाचता येतं का ते बघणाऱ्या 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी तपासणी साधी आहे आणि ती तुम्हालाही करता येते. एका कागदावर चार गोष्टी लिहा: सुटी अक्षरं, सोपे दोन अक्षरी शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला आधी परिच्छेद द्या. तो सलग वाचला तर गोष्ट द्या. परिच्छेदाला अडला तर शब्द, शब्दांना अडला तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले तर मूल शब्दाच्या पातळीवर आहे असं धरायचं. अक्षरांचंही तेच. एका मुलाला पाच मिनिटं पुरतात.

ही तपासणी करताना मूल आणि तुम्ही बाजूला बसा. इतरांसमोर नको. 'परीक्षा आहे' असं म्हणू नका. मूल अडलं की लगेच बरोबर उत्तर सांगायचा मोह आवरा, फक्त खूण करून ठेवा.

मग गट करा. अक्षराच्या गटात सातवीचा मुलगा आला तर त्याला लाज वाटेल, म्हणून गटांना पहिला-दुसरा म्हणण्याऐवजी मुलांनाच नावं ठेवू द्या. मोठ्या मुलाला त्याच गटात धाकट्यांना चिठ्ठ्या वाटण्याचं काम दिलं की त्याचा चेहरा बदलतो.

अक्षराच्या गटात नुसती बाराखडी घोकवून घेऊ नका. मुलं 'क का कि की' गाण्यासारखं म्हणतात, आणि मधलंच 'कु' दाखवलं की गप्प. मराठीत मुलं ठरावीक ठिकाणी अडतात. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य, ट आणि ठ आणि ढ. मग पहिली-दुसरी वेलांटी, मग रफार आणि जोडाक्षरं. कोणतं मूल कुठे अडतं ते लिहून ठेवा आणि त्याच अक्षरांचे खेळ घ्या. मुलांच्या नावांपासून सुरुवात केलीत तर लवकर जमतं. धनश्री आणि घनश्याम एकाच केंद्रावर असतील तर ध-घ चा प्रश्न अर्धा सुटला.

मला सर्वांत खात्रीची वाटणारी पद्धत अशी. मुलाला आज काय झालं ते सांगायला लावा. तो म्हणतो, 'आमच्या कुत्रीला चार पिल्लं झाली.' ते वाक्य त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहा, मग त्याला बोट ठेवून वाचायला सांगा. स्वतःचं वाक्य मूल वाचतंच. तो 'झाली' ऐवजी 'झाल्या' म्हणाला, तर 'झाल्या'च लिहा. प्रमाण भाषा नंतर शिकवता येईल, आत्ता त्याचं बोलणं कागदावर उतरतंय हे त्याला कळू द्या. वडारी, कैकाडी किंवा बंजारा बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे दुप्पट लागू आहे. त्यांच्या बोलीला केंद्रावर हसू येत असेल, तर ते आधी थांबवा.

रोज दहा मिनिटं तुम्ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवा. कुठलाही प्रश्न न विचारता. पुस्तकं विकत घ्यायला पैसे नसतील तर 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत मिळतात, बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये आहेत. आणि कमी साहित्यात शिकवण्याबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणातलं काम जरूर समजून घ्यावं. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेल्या त्या कामातून अंगणवाडी आली. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही त्यांनीच भरवली. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलापाशी न्यावी, हे ऐंशी वर्षांपूर्वी महाराष्ट्रात करून दाखवलेलं आहे.

गणिताचं थोडक्यात

हातच्याची वजाबाकी हे मुख्य अडथळ्याचं ठिकाण. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, रबर लावा. ४२ मधून १७ काढायचे म्हणजे एक गठ्ठा सोडावा लागतो, हे हाताने केल्याशिवाय 'हातचा' हा नुसता मंत्र राहतो. खोट्या नोटा घेऊन दुकान-दुकान खेळा. वस्तीतली मुलं हिशेबात पटाईत असतात, घरच्या भाजीच्या गाडीवर ती सुटे पैसे बरोबर परत देतात आणि वहीवर तेच गणित चुकवतात. वहीतलं गणित गाडीवर न्या. एकोणतीस-एकोणसाठ-एकोणऐंशीला मुलं गोंधळतात, तिथे घाई करू नका. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला होता. मूल 'साठ पाच' म्हणालं तर त्याला चूक ठरवू नका, शेजारी 'पासष्ट' म्हणा आणि पुढे चला.

गृहपाठ

गृहपाठ करून देऊ नका. पालकांना वही पूर्ण दिसली की समाधान वाटतं, म्हणून गाइडमधून उतरवून घेणारी केंद्रं लोकप्रिय असतात. तुम्ही त्यासाठी रोज फक्त पंचवीस मिनिटं ठेवा. जे झालं नाही त्याच्यापुढे वहीत 'हे समजलं नाही' असं मुलाला लिहायला सांगा. चांगल्या शिक्षकांना ते आवडतं. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे, नापास झालेल्या मुलाला फेरपरीक्षा मिळते. या दोन इयत्तांतल्या मुलांची यादी वेगळी ठेवा. त्यांची तयारी मार्चमध्ये सुरू करून उपयोग नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच लागा.

मारायचं नाही, मग करायचं काय?

शिक्षणहक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. केंद्र शाळा नसलं तरी सुटका नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात आहे अशा प्रत्येकाला लागू होतं, आणि मुलांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या कर्मचाऱ्याला त्यात जास्त शिक्षा आहे. कान पिळणं, कोंबडा करणं, 'तू ढच आहेस' असं चारचौघांत म्हणणं, मुलाला कोंडणं, खाऊ बंद करणं, सगळं बंद.

कायद्याचं भय बाजूला ठेवलं तरी मारण्याने काम होत नाही. घरी पट्ट्याने मार खाणाऱ्या मुलाला तुमच्या फटक्याचं काहीच वाटत नाही.

मग काय करायचं? भांडण झालं की दोघांना दोन कोपऱ्यांत बसवा, पाणी द्या, पाच मिनिटं काही विचारू नका. मग एकेकाला विचारा, 'काय झालं?' 'का मारलंस?' असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर 'त्याने आधी मारलं' एवढंच असतं. शिव्या ऐकल्या की चेहऱ्यावर धक्का दाखवू नका. 'इथे हा शब्द चालत नाही, दुसरा सांग' एवढंच म्हणा, रोज तेच, त्याच आवाजात. पेन्सिल चोरली गेली तर झडती घेऊ नका. 'पेटीत एक पेन्सिल कमी आहे, जाताना कुणीतरी ठेवून जा' म्हणा आणि पाठ फिरवा. बहुतेक वेळा ती परत येते. आली नाही तरी पाच रुपयांसाठी मुलाला चोर ठरवू नका.

नियम पाचच्या वर नकोत, आणि ते मुलांबरोबर बसून ठरवा. एक नियम तुमच्यासाठी असू द्या. मुलं बहुधा 'ताईंनी फोन बघायचा नाही' असं सुचवतात. तो पाळा.

एखादं मूल सतत उलटी अक्षरं काढतं, फळ्यावरचं उतरवायला फार वेळ घेतं, तोंडी मात्र हुशार असतं. अशा मुलाला तुम्ही 'डिस्लेक्सिक', म्हणजे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता असलेलं, ठरवू नका. ते निदान करणं तुमचं काम नाही. काय दिसलं ते महिनाभर लिहा, मग पालकांशी आणि शाळेशी बोला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि मुंबईत सायनसारख्या महापालिका रुग्णालयात तिची तपासणी होते. त्याआधी नजर आणि कान तपासून घ्यायला सांगा. फळा न दिसणारं मूल कित्येकदा फक्त चष्म्यावाचून मागे पडलेलं असतं.

सुरक्षितता: इथे अंदाजाने वागायचं नाही

केंद्र चालू असताना शक्यतो दोन मोठी माणसं हवीत. कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं थांबायचं नाही. त्यात मुलाचंही रक्षण आहे आणि तुमचंही. मुलाला घरी कोण नेणार, त्या व्यक्तींची नावं पालकांकडून लिहून घ्या. 'मी त्याचा काका' म्हणत आलेल्या अनोळखी माणसाबरोबर मूल पाठवायचं नाही, मग तो कितीही चिडो. फोटोसाठी पालकांची लेखी परवानगी घ्या, आणि देणगीदारांच्या गटात मुलांचे रडवेले चेहरे टाकू नका.

आता अवघड भाग. मूल एखाद्या दिवशी सांगेल की कुणीतरी त्याला नको तिथे हात लावतं. बहुतेकदा ते थेट सांगत नाही. 'ताई, मला आज लवकर घरी नाही जायचं' एवढंच म्हणतं. अशा वेळी शांत बसून ऐका. 'बरं झालं सांगितलंस, तुझी काही चूक नाही' हे म्हणा. खोदून प्रश्न विचारू नका, तपशील पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. कारण तुम्हाला सांगावं लागणार आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता आहे असं कळलं, की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कळवलं नाही तर कलम २१ खाली शिक्षा आहे. पुरावा गोळा करणं तुमचं काम नाही, खात्री करून घेणंही नाही. आरोपी मुलाच्या घरातला असेल तर आधी घरी जाऊन विचारणं म्हणजे मुलाला धोक्यात ढकलणं.

त्याच दिवशी संस्थेच्या जबाबदार व्यक्तीला सांगा, आणि तिने टाळाटाळ केली तर स्वतः कळवा. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर आहे. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून ही सेवा सुरू झाली, आता ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. तातडीला ११२. मुलाने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. मुलाचं नाव किंवा ओळख कुठेही उघड होता कामा नये, शेजारच्या केंद्रावरच्या मैत्रिणीलाही सांगायचं नाही.

प्रथमोपचार

सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार वर्ग करा. संस्था पैसे देत नसेल तर भांडून घ्या. तोवर एवढं पाठ असू द्या.

नाकातून रक्त आलं तर मूल पुढे वाकवा, मान मागे टाकू नका, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई काही नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि ओरखडा असला तरी लसीसाठी दवाखान्यात न्या. फिट आली तर मूल कुशीवर करा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ लावा. तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा.

गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका, तापाचीही नाही. खरूज किंवा उवा दिसल्या तर मुलाला वेगळं बसवून लाजवू नका. पालकांना सांगा, आणि खरजेवर घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावायचं असतं, हेही सांगा. एकट्या मुलाला लावून ती जात नाही.

पालकांशी बोलताना

सभा बोलावली तर तीन आया येतात. घरी गेलात तर सगळ्या भेटतात. धुण्याभांड्यांची कामं संपवून त्या परतल्या की जा, रविवारी सकाळी बरं पडतं. दारात उभ्या उभ्या बोलू नका, बसा, चहा दिला तर घ्या. पहिल्या भेटीत तक्रार न्यायची नाही.

एक संवाद तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल:

'ताई, तुम्ही मारा त्याला. अजिबात ऐकत नाही घरी.'

'मावशी, आमच्याकडे मारत नाही. पण कालची गोष्ट सांगू? सगळी मुलं गेल्यावर सगळ्या चटया त्यानेच उचलल्या.'

'आमचा?'

'तुमचाच. घरी त्याला एखादं काम देऊन बघा ना, आठवडाभर. मग मी येते पुन्हा.'

'तसं नको, असं करा' असा उपदेश करण्यापेक्षा एक खरा, छोटा, आजचा प्रसंग सांगा. त्यासाठी प्रसंग आठवायला हवेत, म्हणून वही.

मूल घरच्या धंद्यात हात लावतं म्हणून आईला बोलू नका. शाळेच्या वेळेनंतर घरच्या बिनधोक कामात मदत करायला २०१६ च्या दुरुस्तीनंतरचा बालकामगार कायदा परवानगी देतो. मात्र चौदा वर्षांखालचं मूल दुसऱ्याच्या गॅरेजात किंवा हॉटेलात दिसलं तर ते वेगळं प्रकरण आहे. तेव्हा वरिष्ठांना सांगा आणि १०९८ लावा.

वही

रोज केंद्र बंद केल्यावर दहा मिनिटं लिहा, घरी जाऊन नाही. तारीख, हजेरी, आज काय घेतलं, उद्या काय घ्यायचं आणि दोन-तीन मुलांबद्दल जे दिसलं ते. 'आज मुलांनी छान सहभाग घेतला' असलं वाक्य लिहू नका, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'रेश्माने पहिल्यांदा रफार ओळखला, "सूर्य" वाचलं' असं लिहा. महिन्याच्या अहवालाला हीच वही कामाला येते. दर तीन महिन्यांनी वाचनाची तपासणी पुन्हा करा आणि निकाल आधीच्या शेजारी ठेवा.

पुढे शिकायचं कुठे

सगळ्यात चांगलं प्रशिक्षण म्हणजे दुसऱ्याचं केंद्र बघणं. पुण्यात पालकनीती परिवाराचं खेळघर आहे. बांधकामाच्या साइटवरची मुलं डोअर स्टेप स्कूल कशी सांभाळते तेही बघण्यासारखं आहे, तिचं काम १९८८ पासून मुंबईत आणि नंतर पुण्यात चालू आहे. फोन करून परवानगी घ्या, एक संध्याकाळ कोपऱ्यात बसा. मराठी वाचन-लेखन शिकवण्यात खोल जायचं असेल तर पालघर जिल्ह्यात काम करणारी क्वेस्ट ही संस्था काय करते ते शोधा. बालसुरक्षेसाठी मुंबईच्या अर्पण संस्थेचे अभ्यासक्रम आहेत. टाकाऊतून वैज्ञानिक खेळणी करायला शिकायचं असेल तर अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर सगळं मोफत आहे, मराठीतही. महिन्यातून एक खेळणं मुलांबरोबर केलंत तरी पुरे.

एकदम सगळे कोर्स करू नका. पहिल्या तीन महिन्यांत प्रथमोपचार आणि बालसुरक्षा, पुढच्या तीनमध्ये वाचन. बाकीचं नंतर.

काम सोडायचं ठरलं तर मुलांना निदान पंधरा दिवस आधी सांगा. लग्न ठरलं, नोकरी लागली, काहीही कारण असो, एके दिवशी ताई यायच्या बंद झाल्या असं होऊ देऊ नका. या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता जात असतात. नव्याने येणाऱ्या ताईच्या हाती वही द्या, मुलं अडलेली अक्षरं आणि कुणाला कोण घ्यायला येतं ती यादी दाखवा, आणि निदान दोन संध्याकाळी तिच्याबरोबर दारात उभ्या राहा.